मुंबई इलाख्यांतील प्लेगच्या लशीचे आंकडे : एक साधनचिकित्सा

(१)

इतिहासाच्या अभ्यासकास अस्सल कागदाचें महत्त्व सांगण्याची गरज नाहीं. बखरीपेक्षां पत्र श्रेष्ठ, मागाहून लिहिलेल्या कैफियतीपेक्षां प्रसंगीं लिहिलेली याद श्रेष्ठ, आणि नकलेपेक्षां अस्सल श्रेष्ठ, हा क्रम आतां सर्वमान्य झाला आहे. परंतु कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील मजकूर खरा ठरला असें होत नाहीं. आणि मजकूर खरा ठरला म्हणजे त्यावरून काढलेलें अनुमान खरें ठरलें असेंहि होत नाहीं. या तीन पायऱ्या भिन्न आहेत. पहिली पायरी हस्ताक्षर, शिक्का व कागद यांच्या परीक्षेची, दुसरी लेखकाच्या परीक्षेची, तिसरी तर्काची. पहिल्या दोन पायऱ्या चढून दमलेला संशोधक तिसरीवर पुष्कळदां घसरतो.

प्रस्तुत लेखांत आम्ही जें प्रकरण तपासणार आहों तें वरकरणी वैद्यकाचें आहे. नवें औषध किंवा नवी लस गुणकारी आहे कीं नाहीं हें ठरवितांना दवाखाने, तुरुंग व गांवें यांतील रोजच्या नोंदी कितपत प्रमाण मानाव्या, हा तो प्रश्न होय. प्रश्न जुना असला तरी शिळा नाहीं. अमेरिकेंतील औषधविषयक कायद्यांत अगदीं अलीकडे, २०१६ सालीं, असें कलम घातलें गेलें कीं, औषधांस मान्यता देतांना व्यवहारांतील रुग्णांच्या नोंदींचा पुरावा कसा वापरतां येईल याचा विचार तेथील औषधखात्यानें करावा. त्यास अनुसरून २०१८ सालीं त्या खात्यानें आपली रूपरेषाहि प्रसिद्ध केली. रुग्णालयांचीं दप्तरें यंत्रांत सांठूं लागल्यापासून कोट्यवधि रोग्यांच्या नोंदी एके ठिकाणीं पाहतां येतात, व त्यांवरून निर्णय करण्याचा मोह सर्वत्र वाढत आहे.

या मोहाचें व त्याच्या मर्यादांचें एक उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतांत सव्वाशें वर्षांपूर्वीं घडून गेलें आहे. मुंबईंत तयार झालेली हाफकिनसाहेबांची प्लेगची लस व तिच्या गुणाविषयीं भायखळा, दमण आणि उंडेरा या तीन ठिकाणीं जमलेले आंकडे हें तें उदाहरण. या तीन साधनांची तुलना कागदपत्रें पारखण्याच्या आपल्या नेहमींच्या रीतीनें करावी, असा या लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम काळ व परिस्थिति पाहूं. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनीं ग्रंथिज्वराची सांथ ओळखली. थोड्याच महिन्यांत शहरांतील लाखों लोक बाहेर पडले. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांविषयींचा कायदा झाला, व त्याच्या आधारें घरांची झडती, रोग्यांस रुग्णालयांत नेणें, सहवासांतील माणसांस छावणींत ठेवणें इत्यादि उपाय सक्तीनें सुरू झाले. पुण्यांत या सक्तीचा शेवट २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवर झालेल्या हल्ल्यांत झाला, हें सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले त्याच रोगानें निवर्तल्या.

साधनचिकित्सेच्या दृष्टीनें या हकीकतीस महत्त्व आहे. ज्या काळीं घरांत रोगी सांपडला कीं घरच्या माणसांची फाटाफूट होते व चीजवस्तु जाळली जाते, त्या काळीं रोगी लपविला जातो आणि मृत्यु दुसऱ्या रोगाच्या नांवावर पडतो. मुंबईच्या मृत्युनोंदींत ज्वर व श्वसनाचे विकार या सदरांखालीं त्या वर्षीं जे मृत्यु लिहिले गेले त्यांतील बरेच वस्तुतः प्लेगाचे होते, असें तत्कालीन अधिकारीहि मानीत. म्हणून प्लेगानें किती माणसें मेलीं हें काढण्यासाठीं ते प्लेगाच्या सदरावर विसंबून न राहतां, एकंदर मृत्यु नेहमींच्या वर्षांपेक्षां किती वाढले हें पाहत. ही रीत आम्हांस फार मार्मिक वाटते. सदराचें नांव लेखकाच्या व नातलगांच्या भीतीवर अवलंबून असतें. प्रेतांची एकंदर संख्या त्या मानानें कमी लपते. जमाबंदीच्या कागदांत रयतेनें सांगितलेल्या पिकापेक्षां गांवाबाहेर गेलेल्या गाड्यांची संख्या अधिक बोलकी ठरते, तशांतलाच हा प्रकार आहे.

तात्पर्य, नोंद ही आकाशांतून पडत नाहीं. ती कोणीतरी, कोणाच्यातरी सांगण्यावरून, कांहींएक हेतूनें लिहितो; आणि ज्याच्याविषयीं ती लिहिली जाते त्यास तिच्यापासून लाभ किंवा भय असतें.

(३)

वॉल्डेमार मोर्देकाय हाफकिन हे १८६० सालीं ओडेसा येथें जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिस येथील पाश्चरच्या संस्थेंत त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली, १८९२ सालीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, व १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. मुंबईंत प्लेग सुरू होतांच सरकारनें त्यांस बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत थोड्याशा जागेंत व तुटपुंज्या मदतीनें काम करून त्यांनीं प्लेगच्या जंतूंची वाढ मांसरसांत केली, उष्णतेनें ते जंतु मारले, आणि ती लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. लस घेतल्यानें मनुष्य मरत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध झालें. ती प्लेगापासून वांचविते कीं नाहीं हा प्रश्न निराळा, व तो एका माणसाच्या अनुभवानें सुटणारा नव्हता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील सुमारें दीडशें कैदी आपखुशीनें लस घेण्यास पुढें आले. त्यांहून थोडे अधिक कैदी न टोचलेले राहिले. टोचल्याच्या दिवशींच ज्यांच्यांत रोग उघड झाला त्यांस वेगळें काढून हाफकिन यांनीं जो हिशेब दिला तो असा : न टोचलेल्यांपैकीं १२ जणांस रोग झाला व ६ मेले, टोचलेल्यांपैकीं २ जणांस रोग झाला व मृत्यु कोणासहि आला नाहीं.

हें साधन आकारानें लहान आहे, परंतु त्याचे गुण ध्यानांत घेण्याजोगे आहेत. तुरुंगांत माणसांची संख्या नक्की ठाऊक असते. कोणी पळून जात नाहीं, कोणी रोगी लपवूं शकत नाहीं. अन्न, पाणी, जागा व राखण सर्वांस सारखी असते. नोंदींतून माणूस गळण्याची भीति येथें जवळजवळ नाहीं. उणीव एवढीच कीं, कोणीं टोचून घ्यावें हें ज्याच्या त्याच्या इच्छेवर होतें; आणि तुरुंगांतील इच्छेस कितपत इच्छा म्हणावें हा प्रश्न सुज्ञांनीं मनांत ठेवावा. त्या कैद्यांचीं नांवें वैद्यकाच्या इतिहासांत कोणी घेत नाहीं. ते केवळ संख्या होऊन राहिले आहेत. पुढें लाखों लोकांनीं ज्या विश्वासानें हात पुढें केला त्या विश्वासाचा पहिला आधार ही संख्या होती, याचें स्मरण असावें.

(४)

दुसरें साधन दमणचें. पोर्तुगीज सत्तेखालील या शहरांत १८९७ सालीं प्लेगाचा भयंकर कहर झाला. खालच्या दमणांतील ८२३० लोकसंख्येपैकीं २१९७ लोकांनीं लस घेतली. त्यांपैकीं ३६ मेले. न टोचलेले ६०३३. त्यांपैकीं १४८२ मेले. म्हणजे न टोचलेल्यांत शेंकडा सुमारें साडेचोवीस मृत्यु व टोचलेल्यांत शेंकडा दोनहि नाहींत. न टोचलेल्यांच्या प्रमाणानें टोचलेले मेले असते तर त्यांतील सुमारें ५४० माणसें गेलीं असतीं; गेलीं ती ३६.

कोष्टक पाहतांच मन थक्क होतें. संख्या मोठी, अंतर प्रचंड, हिशेब सोपा. सामान्य वाचकास भायखळ्यापेक्षां दमणचा पुरावा शतपट बळकट वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कां, तें पुढें सांगूं.

(५)

तिसरें साधन बडोद्याजवळील उंडेरा गांवचें. १८९८ च्या फेब्रुवारींत तेथें प्लेग चालूं असतां हाफकिन यांनीं बडोदें संस्थानच्या सहाय्यानें निराळी योजना केली. गांवचीं माणसें घरवार बोलाविलीं, आणि प्रत्येक घरांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोचली. निवड करतांना पुरुष, बायका, मुलें, सशक्त व अशक्त हीं दोन्ही बाजूंस सारखीं वांटलीं जातील अशी काळजी घेतली. गांवांत एकंदर ५१३ जणांस टोचलें. पुढें सुमारें सहा आठवड्यांनीं घरोघर चौकशी करून ज्या घरांत रोग शिरला अशा २८ घरांचा हिशेब मांडला. त्या घरांत न टोचलेलीं माणसें ६४ होतीं. त्यांपैकीं २७ जणांस प्लेग झाला व २६ मेलीं. टोचलेलीं माणसें ७१ होतीं. त्यांपैकीं ८ जणांस प्लेग झाला व ३ मेलीं.

दमणच्या आठ हजारांपुढें उंडेऱ्याचीं हीं १३५ माणसें म्हणजे मूठभरच. तरी आमच्या मतें तिन्ही साधनांत अग्रपूजेचा मान उंडेऱ्याच्या कोष्टकास दिला पाहिजे. एका छपराखालीं राहणारीं, एका चुलीवरचें खाणारीं, त्याच उंदरांच्या सहवासांत निजणारीं माणसें दोन बाजूंस वांटलीं आहेत. श्रीमंत घरांतील निम्मीं इकडे, निम्मीं तिकडे; गरिबाचींहि तशींच. घर सोडून रानांत राहावयास जाणारें कुटुंब गेलें तर दोन्ही बाजूंचीं माणसें सारखींच जातील. ज्या घरांत रोग शिरलाच नाहीं तीं घरें हिशेबांत घेऊन टोचलेल्यांची बाजू फुगविलेली नाहीं. येथें तुलना गांवाची गांवाशीं नसून भावाची भावाशीं, सासूची सुनेशीं आहे. न टोचलेल्यांच्या प्रमाणानें टोचलेल्या ७१ पैकीं सुमारें २९ माणसें मेलीं असतीं, मेलीं ३.

या आंकड्यांस एक दुःखद बाजूहि आहे. जी २६ माणसें मेलीं त्यांस लस कां टोचली नाहीं, असें कोणी विचारील. लस खरोखर वांचविते हें त्या दिवशीं निश्चित ठाऊक असतें तर निम्म्यांस वगळणें हें पाप झालें असतें. पण तें निश्चित ठाऊक नव्हतें. लशीपासून अपाय होईल अशी धास्तीहि लोकांत होती. ज्ञान नसतांना सर्वांस टोचणें व ज्ञान नसतांना कोणासहि न टोचणें, या दोहोंतहि धोका होता. त्या २६ माणसांच्या मृत्यूनें पुढील लाखोंस निश्चय दिला. असा निश्चय फुकट मिळत नाहीं, हें नोंदवह्या चाळणारानें विसरूं नये.

(६)

आतां दमणकडे वळूं. आपल्या नैयायिकांनीं अनुमानाच्या दोषांत ‘उपाधि’ म्हणून एक दोष सांगितला आहे. जेथें अग्नि तेथें धूर, असें कोणी म्हटलें तर तें फसतें. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर अग्नीमुळें म्हणून निघत नाहीं, तर ओल्या सरपणाचा अग्नीशीं संयोग होतो म्हणून निघतो. ओलें सरपण हा येथें उपाधि. अग्नि व धूर वारंवार एकत्र दिसले तरी मध्यें उपाधि लपलेला असेल तर व्याप्ति सिद्ध होत नाहीं. रुग्णांच्या नोंदींवरून औषधाचा गुण ठरविणारास जी अडचण सर्वांत अधिक छळते ती हीच.

दमणमध्यें २१९७ माणसें लस घेण्यास पुढें आलीं तीं कोण? सांथीच्या काळीं नव्या उपायाकडे प्रथम वळतो तो बहुधा समंजस, कांहींसा सुस्थित, वैद्याच्या ओळखीचा, घर स्वच्छ ठेवूं शकणारा मनुष्य. तो वांचला तर लशीनें वांचला कीं त्याच्या घरानें? उलटपक्षीं जो अंथरुणास खिळला आहे, किंवा ज्याच्या घरांत आधींच दोन मृत्यु झाले आहेत, तो टोचून घेण्यास येतच नाहीं; त्याचा मृत्यु मात्र न टोचलेल्यांच्या सदरीं पडतो. येथें सुस्थिति हें ओलें सरपण होय.

दुसरा दोष काळाचा आहे व तो अधिक सूक्ष्म आहे. सांथ सुरू झाल्यावर महिन्यानें जो टोचून घेतो तो तो महिनाभर जिवंत होता, हें उघड आहे. मेला असता तर टोचून घ्यावयास आला नसता. त्या महिन्यांत मेलेले सर्व लोक न टोचलेलेच असणार. मग सबंध सांथीचा हिशेब एकत्र केला तर टोचलेल्यांचें आधींचें जगणें लशीच्या खात्यावर जमा होतें, व आधींचे मृत्यु लशीच्या अभावाच्या खात्यावर खर्चीं पडतात. जमाखर्चांत दोन भिन्न सालांच्या रकमा एका पानावर मांडून शिल्लक काढण्यासारखें हें आहे. भायखळ्यास टोचण्याचा दिवस सर्वांस एकच होता, म्हणून तेथें हा दोष शिरूं शकत नाहीं. उंडेऱ्यासहि तसेंच. ज्या ठिकाणीं लोक आज दहा, उद्यां वीस असे आठवडेच्या आठवडे टोचून घेतात तेथें या दोषाचा शोध प्रथम घ्यावा लागतो.

तिसरा दोष लेखकाचा. ज्यानें लस टोचली त्यानेंच पुढें रोग ओळखावयाचा असला तर टोचलेल्या मनुष्याच्या तापास तो ‘साधा ताप’ म्हणण्याचा संभव असतो. शिवाय टोचल्याचा दाखला ज्याच्याजवळ असे त्यास छावणी व अटकाव यांच्या कांहीं जाचांतून सूट मिळे. दाखल्यास असें मोल आलें म्हणजे दाखला आणि टोचणें या दोन गोष्टी एकच राहत नाहींत, हें मोडी सनदा पारखणारांस आम्हीं सांगावयास नको.

तर मग दमणचे आंकडे टाकून द्यावे काय? तसेंहि नाहीं. उपाधीची शंका घेणें सोपें. तो उपाधि साडेचोवीसांचे दोन करण्याइतका प्रबळ होता असें दाखविणें कठीण. भायखळा व उंडेरा येथें, जेथें हे दोष कमी आहेत तेथेंहि, फळ त्याच दिशेचें आहे. भिन्न दोषांचीं तीन साधनें एकच गोष्ट सांगतात तेव्हां ती गोष्ट खरी मानण्यास हरकत नाहीं. केवळ तिचें प्रमाण शेंकडा किती हें नेमकें सांगण्याचा आग्रह धरूं नये. १८९८ सालीं एडिंबरोच्या प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या हिंदी प्लेग कमिशनानेंहि जवळजवळ हाच निर्णय दिला : लशीनें रोगाचें व मृत्यूचें प्रमाण कमी होतें, रक्षण संपूर्ण नाहीं, आणि दाखविलेले आंकडे गणिती दृष्ट्या काटेकोर नाहींत. हा निर्णय न्यायाचा होता असें आम्हांस वाटतें.

त्या काळीं मुंबईंत या विषयाची जाण किती वाढली होती याचें आणखी एक गमक आहे. आर्थर रोडच्या रुग्णालयांत डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनीं प्लेगावरील रक्तरसाची परीक्षा करतांना एक सोडून एक रोग्यास रस द्यावा असा क्रम ठेवला होता. वैद्यानें आपल्या मनानें निवड केली कीं आशा असलेला रोगी इकडे व आशा सुटलेला तिकडे जातो. क्रमानें वांटणी केली म्हणजे वैद्याच्या मनास वाव कमी राहतो. १८९६-९७ सालीं कोपेनहेगन येथें फिबिगर यांनीं घटसर्पाच्या रोग्यांस एक दिवसाआड रक्तरस देऊन अशीच परीक्षा केली : रस दिलेल्या २३९ पैकीं ८ मेले, न दिलेल्या २४५ पैकीं ३०. हेच दोष व हेच उपाय पुढें १९१५ सालीं ग्रीनवुड व यूल या इंग्रज गणितज्ञांनीं सूत्ररूपानें मांडले : दोन्ही गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असावे, रोगाशीं त्यांचा संबंध सारखा यावा, आणि टोचल्याची नोंद व रोगाची नोंद एकमेकींपासून स्वतंत्र असावी.

(७)

नोंदींचा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाहीं. त्यावर माणसाची अब्रू व उपजीविका अवलंबून असते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मलकवाल या गांवीं १०७ लोकांस लस टोचली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. ते एकोणीसहि एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. चौकशी झाली, मुंबईच्या प्रयोगशाळेंत बाटली भरतांनाच दोष शिरला असावा, लस करण्याच्या रीतींत कार्बोलिक ॲसिड वगळल्यानें तो वाढला असावा, असा ग्रह होऊन हाफकिन यांस कामावरून दूर करण्यांत आलें.

पुढें चौकशीचे मूळ कागद प्रसिद्ध झाले तेव्हां विद्वानांनीं ते पुन्हां वाचले. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरता निर्जंतुक न करतांच वापरला गेला, ही गोष्ट त्या कागदांतच होती. बाटली ४१ दिवसांपूर्वीं भरलेली होती. इतके दिवस धनुर्वाताचे जंतु आंत वाढले असते तर उघडतांच दुर्गंधि आली असती. ती आली नाहीं, हेंहि साक्षींत होतें. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं इंग्लंडांत हा अन्याय चव्हाट्यावर आणला, व त्याच वर्षीं हाफकिन दोषमुक्त ठरले. मधलीं चार-पांच वर्षें मात्र परत आलीं नाहींत. ते १९३० सालीं लोझान येथें वारले. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसांत १८९९ सालीं उघडलेल्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें.

येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, ज्या कागदांवरून माणूस दोषी ठरला त्याच कागदांवरून तो निर्दोष ठरला. पहिल्या वाचकांनीं १९ हा आंकडा वाचला. दुसऱ्यांनीं साक्ष वाचली. मूळ कागद राखून ठेवले नसते व केवळ गोषवारा उरला असता, तर हाफकिन यांचें नांव आज कोणत्या संदर्भांत घेतलें गेलें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

(८)

हा इतिहास झाला. त्यानंतर इंग्लंडांत क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन औषधाची परीक्षा ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेनुसार झाली व १९४८ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कोणत्या रोग्यास औषध मिळावें हें यदृच्छेनें, म्हणजे सोडतीसारख्या रीतीनें, ठरविलें. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४ मेले, केवळ विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. तेव्हांपासून सोडत ही औषधपरीक्षेची राजमुद्रा झाली. सोडतीचें सामर्थ्य हें कीं, ज्ञात उपाधि तर ती वांटून टाकतेच, पण ज्यांचें नांवहि आपणांस ठाऊक नाहीं असे उपाधिहि वांटून टाकते.

सोडतीचा खर्च मोठा, काळ मोठा, आणि तींत निवडलेले रोगी पुष्कळदां व्यवहारांतील रोग्यांसारखे नसतात. वृद्ध, गर्भवती व अनेक व्याधींनीं ग्रस्त यांस वगळलें जातें. म्हणून नोंदींकडे पुन्हां वळण्यांत गैर कांहीं नाहीं. दुर्मिळ अपाय तर नोंदींतूनच उघडकीस येतात. पण जुने दोष नव्या दप्तरांतहि तसेच आहेत. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकें घेणाऱ्या स्त्रियांस हृद्रोग कमी होतो असें अमेरिकेंतील परिचारिकांच्या दीर्घकालीन नोंदींवरून बरींच वर्षें मानलें जात होतें. १६६०८ स्त्रियांवर सोडतीनें केलेली परीक्षा २००२ सालीं मध्येंच थांबवावी लागली. हृद्रोग घटला नाहीं, उलट कांहींसा वाढलेला आढळला. संप्रेरकें घेणाऱ्या स्त्रिया मुळांतच अधिक सुस्थित होत्या, आणि औषध सुरू केल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत ज्यांस अपाय झाला त्या जुन्या घेणाऱ्यांच्या यादींत उरल्याच नव्हत्या. दमणचीच ही आवृत्ति होय. पुढें २००८ सालीं त्याच नोंदी, सोडतीच्या परीक्षेंत जसा आरंभदिवस धरतात तसा धरून, पुन्हां मांडल्या तेव्हां दोन्ही निष्कर्षांतील अंतर पुष्कळ घटलें. दोष नोंदींत नव्हता, मांडणींत होता.

याहून गंभीर प्रकार २०२० च्या सांथींत घडला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन औषधानें मृत्यु वाढतात असा निबंध मे महिन्यांत लंडनच्या एका अग्रगण्य वैद्यकीय पत्रांत आला. आधार म्हणून ६७१ रुग्णालयांतील ९६०३२ रोग्यांच्या नोंदी सांगितल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनें त्यामुळें त्या औषधाची चालूं परीक्षा कांहीं दिवस थांबविली. परंतु मूळ नोंदी दाखवा असें विचारतां त्या बाळगणाऱ्या खाजगी कंपनीनें त्या स्वतंत्र तपासणीस दिल्या नाहींत, आणि चारांपैकीं तीन लेखकांनीं ४ जून रोजीं निबंध परत घेतला. हें औषध रुग्णालयांतील रोग्यांस उपयोगी नाहीं हें पुढें सोडतीच्या परीक्षांनीं निराळेंच सिद्ध केलें. परंतु निष्कर्ष योगायोगानें जवळपास आला म्हणून दाखविण्यास नकार मिळालेलें दप्तर प्रमाण होत नाहीं. अस्सल पाहूं न देतां केवळ तर्जुमा पुढें करणाऱ्या वतनदारास आपले न्यायाधीश काय म्हणत, तें वाचकांस ठाऊक आहे.

(९)

एवढ्या विवेचनावरून रुग्णनोंदींच्या परीक्षेस पुढील प्रश्न लावावे असें आम्ही सुचवितों. मूळ नोंद पाहावयास मिळते काय? ती कोणीं, केव्हां व कोणत्या हेतूनें लिहिली? तिच्यांतून कोण गळले, व कां गळले? औषध कोणास मिळालें हें कोणीं ठरविलें? दोन्ही गटांचा आरंभदिवस एक आहे काय? रोग ओळखणारास औषध दिल्याचें ठाऊक होतें काय? आणि अखेरीस, भिन्न दोषांचें दुसरें साधन तीच साक्ष देतें काय? या सात प्रश्नांस टिकेल ती नोंद संख्येनें लहान असली तरी मोठी मानावी. न टिकेल ती लाखांची असली तरी तिच्यावर जीव टांगूं नये.

संग्राहक बंधूंस एक विनंति करून लेख संपवितों. आपण सनदा, महजर व बखरी प्राणापलीकडे जपतों. परंतु प्लेगच्या वर्षांतील दवाखान्यांच्या वह्या, टोचल्याचे दाखले, छावण्यांच्या हजेऱ्या, गांवकामगारांचीं जन्ममृत्यूचीं पुस्तकें व जुन्या वैद्यांचीं बाडें हीं अलीकडचीं म्हणून रद्दींत जातात. छापील अहवालांत त्यांचा गोषवारा असेल, पण गोषवारा म्हणजे साक्ष नव्हे, हें मलकवालच्या प्रकरणानें दाखविलें आहे. असा कागद हातीं आला तर तो फाडूं नये, त्यावर शिक्के मारूं नयेत, व त्यांतील रोग्यांचीं नांवें उगाच चव्हाट्यावरहि आणूं नयेत. उंडेऱ्याच्या २८ घरांचा हिशेब कोणींतरी घरोघर जाऊन नीट लिहून ठेवला, म्हणून आज आपण त्याविषयीं निश्चयानें बोलूं शकतों. इत्यलम्.